ॲनालॉग जॉयस्टिक (जुने गृहसंगणक)

ॲनालॉग जॉयस्टिक हे दांडा कलवून संगणकाला दिशा आणि त्या दिशेतील कलाचे प्रमाण, अशा दोन्ही गोष्टी कळवणारे आदान उपकरण आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकाच्या अखेरपर्यंत वापरात असलेल्या ॲपल २, बीबीसी मायक्रो, टँडी कलर कॉम्प्युटर, आयबीएम पीसी इत्यादी संगणकांवर विमानचालनाचे खेळ, चित्रे काढण्याचे कार्यक्रम आणि शालेय प्रयोग यांसाठी तिचा उपयोग होत असे. या संगणकांमध्ये कोणतेही समान मानक पाळले गेले नाही. त्यामुळे एका संगणकाची जॉयस्टिक दुसऱ्यावर चालेलच असे नाही. जोडणीचा आकार सारखा असूनही आतील तारांची रचना वेगळी असल्यास संगणकाला इजा होण्याचाही संभव असतो. जुने संगणक जपणाऱ्या व्यक्ती आणि संस्था यांच्या दृष्टीने योग्य जॉयस्टिक शोधणे, ओळखणे आणि सुरक्षितपणे जोडणे हा म्हणूनच महत्त्वाचा विषय ठरतो.

अंकीय आणि ॲनालॉग जॉयस्टिकमधील फरक

अंकीय जॉयस्टिकमध्ये वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशा चार दिशांसाठी चार साधे स्विच असतात. दांडा थोडा कलला काय किंवा पूर्ण कलला काय, स्विच एकतर बंद असतो किंवा चालू. १९७७ साली अटारी कंपनीने आपल्या खेळयंत्रासोबत दिलेली जॉयस्टिक या प्रकारची होती. तिचीच ९ पिनी जोडणी पुढे कमोडोर, एमएसएक्स, अमिगा आदी संगणकांनी थोड्याफार फरकाने स्वीकारली.

ॲनालॉग जॉयस्टिकमध्ये स्विचांऐवजी दोन पोटेन्शिओमीटर असतात. पोटेन्शिओमीटर म्हणजे फिरवल्यावर ज्याचा विद्युतरोध बदलतो असा घटक. रेडिओचा आवाज कमीजास्त करणारे बटण हे त्याचे परिचित उदाहरण आहे. दांड्याची डावी-उजवी हालचाल एका पोटेन्शिओमीटरला आणि पुढे-मागे हालचाल दुसऱ्याला फिरवते. संगणक हा बदलता रोध मोजून त्याचे संख्येत रूपांतर करतो. याच तत्त्वावर चालणाऱ्या, पण एकच गोल चकती असलेल्या साधनाला ‘पॅडल’ म्हणतात. एका ॲनालॉग जॉयस्टिकमध्ये विद्युतदृष्ट्या दोन पॅडल एकत्र असतात, असे म्हणता येईल.

काही ॲनालॉग जॉयस्टिकमध्ये हात सोडल्यावर दांडा स्प्रिंगमुळे मध्यभागी परत येतो, तर काहींमध्ये तो सोडलेल्या जागीच राहतो. विमानचालनाच्या खेळांना पहिला प्रकार, तर चित्रे काढण्याच्या कार्यक्रमांना दुसरा प्रकार सोयीचा असतो. अनेक उत्पादनांत स्प्रिंग खटक्याने सोडवण्याची सोय होती.

कार्यपद्धती

रोधाचे संख्येत रूपांतर करण्याच्या दोन मुख्य पद्धती प्रचलित होत्या. कोणता संगणक कोणती पद्धत वापरतो हे समजल्यास जॉयस्टिकच्या सुसंगतीविषयीचे बहुतेक प्रश्न सुटतात.

विद्युतदाब विभाजन पद्धत

या पद्धतीत पोटेन्शिओमीटरची तिन्ही टोके वापरली जातात. एका बाहेरील टोकाला स्थिर विद्युतदाब आणि दुसऱ्याला शून्य दाब दिला जातो. मधल्या सरकत्या टोकावर दांड्याच्या स्थितीनुसार या दोहोंमधला दाब मिळतो. संगणकातील रूपांतरक हा दाब मोजतो. येथे पोटेन्शिओमीटरचा एकूण रोध किती आहे यापेक्षा सरकते टोक कोणत्या प्रमाणात सरकले आहे, याला महत्त्व असते. बीबीसी मायक्रो, टँडी कलर कॉम्प्युटर आणि ड्रॅगन ३२ हे या पद्धतीचे संगणक होत.

कालमापन पद्धत

या पद्धतीत पोटेन्शिओमीटरची दोनच टोके वापरली जातात आणि तिसरे बहुधा मोकळे सोडलेले असते. संगणकातील एक कपॅसिटर या रोधातून भारित होऊ दिला जातो आणि ठरावीक दाब येईपर्यंत किती वेळ लागला हे मोजले जाते. रोध जितका अधिक तितका वेळ अधिक. येथे रोधाचे प्रत्यक्ष मूल्यच महत्त्वाचे असल्यामुळे भलत्या मूल्याची जॉयस्टिक जोडल्यास पडद्यावरील हालचाल अपुरी पडते किंवा पल्ल्याबाहेर जाते. ॲपल २, आयबीएम पीसी, अटारी ४०० व ८०० आणि कमोडोर ६४ हे संगणक ही पद्धत वापरतात.

प्रमुख संगणकांची तुलना

| संगणक | वर्ष | जोडणी | पद्धत | अपेक्षित रोध | वाचनाचा पल्ला |
|---|---|---|---|---|---|
| ॲपल २ | १९७७ | १६ पिनी सॉकेट, नंतरच्या प्रतिमानांत ९ पिनी | कालमापन | १५० किलोओहम | ० ते २५५ |
| अटारी ४०० व ८०० | १९७९ | ९ पिनी | कालमापन | १ मेगाओहम | कमाल २२८ |
| टँडी कलर कॉम्प्युटर | १९८० | ५ पिनी डिन | दाब विभाजन | १०० किलोओहम | ० ते ६३ |
| आयबीएम पीसी | १९८१ | १५ पिनी | कालमापन | १०० किलोओहम | प्रोसेसरच्या वेगानुसार |
| बीबीसी मायक्रो ‘बी’ | १९८१ | १५ पिनी | दाब विभाजन | काटेकोर बंधन नाही | ० ते ६५५२० |
| कमोडोर ६४ | १९८२ | ९ पिनी | कालमापन | ४७० किलोओहम | ० ते २५५ |

ॲपल २

स्टीव्ह वॉझनियाक यांनी ॲपल २ ची रचना करताना ‘ब्रेकआउट’ हा चेंडूफळीचा खेळ बेसिक भाषेतून लिहिता यावा हे उद्दिष्ट समोर ठेवले होते. त्यामुळे पॅडलची सोय या संगणकात आरंभापासून होती. मूळ प्रतिमानात ही जोडणी पेटीच्या आत, मुख्य फलकावर १६ पिनी सॉकेटच्या रूपात असे. तिच्या नाजूक पिना वारंवार काढघाल केल्याने वाकतात. १९८३ सालच्या ॲपल २ई मध्ये मागील बाजूस ९ पिनी जोडणीही देण्यात आली.

बेसिकमधील ‘पीडीएल(०)’ आणि ‘पीडीएल(१)’ या फलनांनी अनुक्रमे आडवी आणि उभी स्थिती वाचता येते. दोन वाचने एकापाठोपाठ एक केल्यास पहिल्या वाचनाच्या वेळचा दुसरा कपॅसिटर अद्याप पूर्वस्थितीत आलेला नसतो आणि दुसरी संख्या चुकीची येते. म्हणून दोन वाचनांमध्ये थोडा विराम ठेवण्याची प्रथा आहे.

टँडी कलर कॉम्प्युटर आणि ड्रॅगन

टँडी कलर कॉम्प्युटर आणि वेल्समध्ये तयार झालेला ड्रॅगन ३२ (१९८२) यांची अंतर्रचना बरीचशी सारखी असून त्यांच्या जॉयस्टिकही एकमेकांवर चालू शकतात. संगणक स्वतः ६ बिटांचा दाब निर्माण करतो आणि जॉयस्टिककडून आलेल्या दाबाशी त्याची तुलना करत योग्य संख्या शोधतो. त्यामुळे प्रत्येक अक्षावर ६४ पायऱ्याच उपलब्ध होतात. बेसिकमध्ये ‘जॉयस्टिक’ फलनाचे शून्य क्रमांकाचे वाचन आधी करावे लागते. त्याच वेळी उरलेल्या तीन अक्षांच्या संख्याही ताज्या होतात.

अटारी आणि कमोडोर

अटारीच्या ८ बिटी संगणकांत ‘पोकी’ नावाची चिप आठ पोटेन्शिओमीटर वाचू शकत असे. कमोडोर ६४ मध्ये हे काम ध्वनी निर्माण करणाऱ्या ‘सिड’ या चिपकडे होते. या चिपमधील दोन नोंदस्थानांत, म्हणजे ५४२९७ आणि ५४२९८ या पत्त्यांवर, अक्षांची मूल्ये मिळतात. दोन्ही जोडण्यांसाठी एकच मापनमार्ग असल्यामुळे कोणती जोडणी वाचायची हे दुसऱ्या चिपद्वारे निवडावे लागते. कळफलक तपासण्याची नित्याची क्रियाही हीच निवड बदलत असल्याने बेसिकमधून मिळालेल्या संख्या डळमळीत येतात आणि विश्वसनीय वाचनासाठी यंत्रभाषेचा आधार घ्यावा लागतो. या कुटुंबातील संगणकांसाठी पॅडल पुष्कळ झाली, परंतु ॲनालॉग जॉयस्टिक फार थोड्या निघाल्या. खेळांचे बहुतांश लेखन अंकीय जॉयस्टिक गृहीत धरूनच झाले होते.

बीबीसी मायक्रो

केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या बीबीसी मायक्रोच्या ‘बी’ प्रतिमानात १५ पिनी ॲनालॉग जोडणी होती. एनईसी कंपनीची ‘यूपीडी ७००२’ ही चार मार्गांची, १२ बिटांची रूपांतरक चिप तीत वापरली होती. एका मार्गाच्या रूपांतरास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. चारही मार्ग चालू असल्यास प्रत्येक मार्गाची संख्या सुमारे ४० मिलिसेकंदांनी ताजी होते. केवळ एकच जॉयस्टिक असल्यास ‘एफएक्स १६’ या आज्ञेने मार्गांची संख्या दोनवर आणता येते आणि प्रतिसाद दुप्पट जलद होतो.

बेसिकमधील ‘ॲडव्हॅल’ फलन १ ते ४ या मार्गांसाठी ० ते ६५५२० या पल्ल्यातील, १६ च्या पटीतील संख्या देते. ‘ॲडव्हॅल(०)’ च्या शेवटच्या दोन बिटांवरून मारा करण्याच्या कळा दाबल्या आहेत किंवा नाहीत हे कळते. संदर्भासाठीचा सुमारे १.८ व्होल्टचा दाब डायोडांपासून घेतलेला असल्यामुळे तो तापमानानुसार थोडा सरकतो. प्रत्यक्षात १२ बिटांची पूर्ण अचूकता मिळत नाही. खेळासाठी ही अचूकता पुरेशी आहे, परंतु मापनासाठी वापर करताना तिचा विचार करावा लागतो.

ही जोडणी केवळ जॉयस्टिकपुरती नव्हती. तापमान, प्रकाश किंवा रोध यांचे संवेदक तिला लावून शाळेच्या प्रयोगशाळेत मापन करता येत असे. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा ‘एलिट’ (१९८४) हा अवकाशव्यापाराचा खेळ ॲनालॉग जॉयस्टिकनेही खेळता येत असे. एकॉर्नच्याच स्वस्त ‘इलेक्ट्रॉन’ (१९८३) या संगणकात मात्र ही जोडणी नव्हती. त्यासाठी ‘प्लस १’ हे विस्तारक बसवावे लागे.

आयबीएम पीसी आणि गेम पोर्ट

आयबीएमने १९८१ साली पीसीसोबत स्वतंत्र विस्तारपत्र म्हणून ‘गेम पोर्ट’ उपलब्ध करून दिले. त्यावर चार अक्ष आणि चार कळा यांची सोय होती. सर्व वाचन हेक्साडेसिमल २०१ या एकाच पत्त्यावर होते. त्यातील चार बिट अक्षांसाठी आणि चार कळांसाठी असतात. भारणाचा काळ मायक्रोसेकंदांत २४.२ अधिक रोधाच्या ओहममधील मूल्याच्या ०.०११ पट, असा असतो. त्यानुसार ५० किलोओहमला सुमारे ५७४ आणि १०० किलोओहमला सुमारे ११२४ मायक्रोसेकंद लागतात.

हा काळ मोजण्यासाठी स्वतंत्र घड्याळ नव्हते. प्रोसेसरने एक चक्री क्रिया करत फेऱ्या मोजायच्या, अशी योजना होती. त्यामुळे प्रोसेसर जलद झाला की त्याच रोधासाठी मिळणारी संख्या वाढते. ४.७७ मेगाहर्ट्‌झच्या पीसीसाठी लिहिलेले खेळ पुढील जलद यंत्रांवर जॉयस्टिकचे वाचन चुकवत असत ते याच कारणाने. यावर उपाय म्हणून वेग जुळवण्याची चकती असलेली गेम पोर्ट पत्रेही विकली जात. खेळ सुरू करताना दांडा चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी नेऊन केले जाणारे ‘कॅलिब्रेशन’ हा याच अडचणीवरील सॉफ्टवेअरचा उपाय होता.

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये ‘स्टिक’ आणि ‘स्ट्रिग’ ही फलने अनुक्रमे अक्ष आणि कळा यांच्यासाठी आहेत. ‘स्टिक(०)’ हे फलन चारही अक्ष एकदम मोजते आणि ‘स्टिक(१)’ ते ‘स्टिक(३)’ ही फलने त्या वेळी मोजलेली मूल्येच परत देतात. म्हणून ‘स्टिक(०)’ न बोलावता केवळ ‘स्टिक(१)’ वापरल्यास जुनीच संख्या मिळत राहते.

१९८९ च्या साउंड ब्लास्टर ध्वनिपत्रापासून गेम पोर्ट ध्वनिपत्रावरच मिळू लागले आणि १९९० च्या दशकात ते घरगुती पीसीवर सर्वत्र दिसू लागले. पुढे यूएसबी जॉयस्टिक रूढ झाल्या. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टाने गेम पोर्टला दिलेला आधार काढून घेतला.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात १९८० च्या दशकात गृहसंगणक मोजक्याच घरांत पोहोचले होते. आयातीवरील निर्बंध आणि शुल्क यांमुळे अनेक यंत्रे परदेशातून परतणाऱ्या नातेवाइकांसोबत येत. नोव्हेंबर १९८४ मधील नव्या संगणक धोरणानंतर ही स्थिती हळूहळू सैल झाली. ब्रिटिश बनावटीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने विकली. स्पेक्ट्रममध्ये मात्र ॲनालॉग जोडणी नव्हतीच. त्याच्या केम्पस्टन आणि सिंक्लेअर पद्धतींच्या जोडण्या अंकीय जॉयस्टिकसाठी होत्या. त्यामुळे भारतातील स्पेक्ट्रमच्या संग्राहकाला ॲनालॉग जॉयस्टिक शोधण्याचे कारण सहसा पडत नाही.

ॲनालॉग जोडणी असलेला संगणक मोठ्या संख्येने भारतात आला तो शाळांच्या मार्गाने. केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा शालेय संगणक साक्षरता प्रकल्प प्रायोगिक स्वरूपात सुरू केला आणि त्यासाठी बीबीसी मायक्रोची निवड केली. सुमारे १२,००० संगणक राज्य शासनांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांना वितरित झाले. आठव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात हा प्रकल्प केंद्र पुरस्कृत योजना म्हणून पुढे चालवण्यात आला. मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने बीबीसी मायक्रोवर आधारित संगणकही तयार केला. आज भारतात एखाद्या शाळेच्या अडगळीत बीबीसी मायक्रो सापडल्यास त्यामागे बहुधा हा इतिहास असतो.

१९९० च्या दशकात आयबीएम पीसीशी सुसंगत, सुटे भाग जोडून तयार केलेले संगणक शहरांत आणि पुढे तालुक्याच्या ठिकाणीही पोहोचले. त्यांच्या ध्वनिपत्रांवर गेम पोर्ट असे, परंतु बहुसंख्य वापरकर्ते कळफलकावरच खेळत. परिणामी अनेक जुन्या ध्वनिपत्रांवरील ही जोडणी न वापरलेल्या, सुस्थितीत सापडते.

जॉयस्टिकचा शोध

महाराष्ट्रात जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि सुटे भाग यांसाठी मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यातील बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा परिसर प्रसिद्ध आहेत. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार येथे वापरलेल्या वस्तू विकल्या जातात. या ठिकाणी जॉयस्टिक मिळण्याची खात्री देता येत नाही. पोटेन्शिओमीटर, डी आकाराच्या जोडण्या, तारा आणि कपॅसिटर मात्र सहज उपलब्ध असतात. मोठ्या शहरांपासून दूर, उदाहरणार्थ यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनसारख्या गावी राहणाऱ्यांना हे भाग टपालाने मागवता येतात. लहान आकाराच्या आणि नाजूक नसलेल्या या वस्तूंना टपाल सोयीचे पडते.

ई-कचरा नियमांनुसार जुनी उपकरणे पुनर्चक्रणासाठी जमा केली जातात. शाळा किंवा कार्यालये जुने साहित्य निकाली काढताना जॉयस्टिकसारखी सुटी उपांगे संगणकापासून वेगळी होतात आणि ओळख न पटल्याने भंगारात जातात. त्यामुळे जुना संगणक मिळाल्यास त्यासोबतचे खोके, केबल आणि उपांगे एकत्र ठेवणे हितावह ठरते.

परदेशातून खरेदी करताना सीमाशुल्काबरोबरच वीजपुरवठ्याचा विचार करावा लागतो. जॉयस्टिकला स्वतंत्र वीज लागत नाही. परंतु तिच्यासोबत अमेरिकी संगणक घेतल्यास तो ११० ते १२० व्होल्टसाठी असू शकतो आणि भारतातील २३० व्होल्टवर थेट लावल्यास त्याचा वीजपुरवठा जळतो.

ओळखताना पुढील बाबी तपासाव्यात:

* जॉयस्टिकच्या खाली किंवा केबलवर संगणकाचे नाव आहे का.
* जोडणीत पिना किती आहेत. ९ किंवा १५ पिना एवढ्यावरून संगणक ठरत नाही.
* दांडा हलवल्यावर ‘टिक’ असा आवाज येतो का. आवाज येत असल्यास ती बहुधा स्विचांची, म्हणजे अंकीय असते.
* मध्यबिंदू जुळवण्याच्या दोन लहान चकत्या आहेत का. त्या असल्यास जॉयस्टिक जवळपास निश्चितपणे ॲनालॉग असते.
* मल्टिमीटरने मोजल्यास दांड्याच्या हालचालीबरोबर रोध सलग बदलतो का आणि त्याचे कमाल मूल्य किती.

जोडणीतील धोके

समान आकाराच्या परंतु भिन्न अर्थाच्या जोडण्या हा या विषयातील सर्वांत मोठा धोका आहे. पुढील उदाहरणे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

पीसीची जॉयस्टिक बीबीसी मायक्रोला: दोन्हीकडे १५ पिना आहेत. पीसीच्या जॉयस्टिकमध्ये पिन १ वरील ५ व्होल्ट पोटेन्शिओमीटरमधून पिन ३ आणि पिन ६ कडे जातात. बीबीसी मायक्रोवर पिन १ ही ५ व्होल्टचीच आहे, परंतु पिन ३ आणि ६ शून्य दाबाला जोडलेल्या आहेत. दांडा एका टोकाला नेताच रोध शून्याजवळ येतो आणि वीजपुरवठा थेट जमिनीला जोडला जातो. यात पोटेन्शिओमीटर जळण्याचा आणि संगणकाच्या वीजपुरवठ्यावर ताण येण्याचा धोका असतो.

अटारी प्रकारची जॉयस्टिक ॲपल २ई ला: दोन्हीकडे ९ पिना आहेत. अटारी जॉयस्टिक खालच्या दिशेला पिन २ आणि डावीकडे पिन ३ ही पिन ८ ला जोडते. ॲपलवर पिन २ म्हणजे ५ व्होल्ट आणि पिन ३ म्हणजे जमीन. दांडा खाली-डावीकडे तिरपा नेला की या दोन्ही पिना पिन ८ मार्फत एकत्र येऊन लघुपरिपथ होतो.

टीव्ही गेमचे नियंत्रक: १९९० च्या दशकापासून भारतात विकल्या गेलेल्या ‘टीव्ही गेम’ यंत्रांचे नियंत्रक ९ किंवा १५ पिनी जोडणीचे असतात. ते जपानी फॅमिकॉम यंत्राच्या पद्धतीने, चिपद्वारे एकेक बिट क्रमाने पाठवतात. बाजारात सर्वांत सहज मिळणारे हे नियंत्रक ॲनालॉग नाहीत आणि येथे वर्णन केलेल्या कोणत्याही संगणकाला ते थेट लावू नयेत.

१५ पिनी जाळे जोडणी: जुन्या इथरनेट पत्रांवरही १५ पिनी जोडणी असते. सरकती खाच असल्यास ती गेम पोर्ट नव्हे. तिच्यावर १२ व्होल्टचा पुरवठा असतो.

सर्वसाधारण नियम असा की, जोडणी काढताना व लावताना संगणक बंद ठेवावा आणि अनोळखी जॉयस्टिक लावण्यापूर्वी तिची प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासावी.

एका संगणकाची जॉयस्टिक दुसऱ्यासाठी रूपांतरित करणे

मूळ जॉयस्टिक न मिळाल्यास पीसीची ॲनालॉग जॉयस्टिक हा सर्वांत सोयीचा आधार ठरतो, कारण ती मोठ्या संख्येने तयार झाली. मात्र पीसीसाठीच्या नंतरच्या काळातील काही जॉयस्टिक, उदाहरणार्थ मायक्रोसॉफ्टच्या साईडवाईंडर मालिकेतील अनेक, याच १५ पिनी जोडणीतून अंकीय संकेत पाठवतात. अशा जॉयस्टिक रूपांतरास निरुपयोगी आहेत. ग्रॅव्हिस गेमपॅडसारखी साधने गेम पोर्टला चालतात, परंतु त्यांत स्विच असल्यामुळे अक्षाची दोन टोके आणि मध्य एवढ्याच स्थिती मिळतात.

पीसीवरून ॲपल २ कडे: दोन्ही कालमापन पद्धतीचे असल्याने रूपांतर सोपे आहे. पीसीच्या जॉयस्टिकचा रोध १०० किलोओहम असल्यामुळे ॲपलवर सुमारे दोन-तृतीयांश पल्लाच मिळतो. ॲपलच्या आतील कपॅसिटर ०.०२२ मायक्रोफॅरडचा आहे. प्रत्येक अक्षाच्या आदानापासून जमिनीपर्यंत सुमारे ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास काळ जवळपास दीडपट होऊन ही उणीव भरून निघते. कळांची जोडणी मात्र बदलावी लागते, कारण पीसीची कळ दाबल्यावर जमिनीला जोडली जाते, तर ॲपलची ५ व्होल्टला.

पीसीवरून बीबीसी मायक्रोकडे: येथे पद्धतच वेगळी असल्याने जॉयस्टिक उघडून पोटेन्शिओमीटरच्या तिसऱ्या, मोकळ्या टोकाला तार डाखावी लागते. बाहेरील दोन टोकांपैकी एक संदर्भ दाबाला (पिन ११ किंवा १४) आणि दुसरे ॲनालॉग जमिनीला (पिन ५ किंवा ८) जोडावे. सरकती टोके पहिल्या जॉयस्टिकसाठी पिन १५ आणि पिन ७ ला जातात. कळ पिन १३ आणि शून्य दाब यांच्यामध्ये येते. हालचाल उलटी दिसल्यास त्या अक्षाच्या बाहेरील दोन तारांची अदलाबदल करावी.

नव्याने बनवणे: आज शैक्षणिक इलेक्ट्रॉनिक्स संचांत मिळणारे अंगठ्याने हलवायचे छोटे जॉयस्टिक फलक बहुधा १० किलोओहमचे असतात. दाब विभाजन पद्धतीच्या संगणकांवर ते चालू शकतात. त्यांच्या कमी रोधामुळे संदर्भ दाब थोडा खाली ओढला जातो का, हे मात्र पाहावे. कालमापन पद्धतीच्या पीसीवर त्यांचा पल्ला दहाव्या भागाएवढाच भरतो, म्हणून ते तेथे उपयोगी नाहीत. पोटेन्शिओमीटर विकत घेताना ‘बी’ हे अक्षर असलेला, म्हणजे समप्रमाणात बदलणारा प्रकार निवडावा. आवाज नियंत्रणासाठीच्या ‘ए’ प्रकारात रोध असमान रीतीने बदलतो आणि दांडा मध्यभागी असतानाही संगणकाला तो एका बाजूस कललेला भासतो.

तपासणी आणि देखभाल

जुन्या जॉयस्टिकमधील सर्वसामान्य दोष म्हणजे पोटेन्शिओमीटरच्या कार्बनपट्टीवर साचलेली धूळ आणि झीज. त्यामुळे दांडा स्थिर असतानाही संख्या नाचते किंवा विशिष्ट जागी अचानक उडी घेते. धूळ हे कारण असल्यास संपर्क स्वच्छ करणारा फवारा वापरून दांडा अनेकदा फिरवल्याने सुधारणा होते. पट्टीच झिजली असल्यास पोटेन्शिओमीटर बदलावा लागतो. केबल जेथे जॉयस्टिकमध्ये शिरते तेथे आतील तार तुटणे हाही नेहमीचा दोष आहे.

तपासणीसाठी संगणकाच्या बेसिक भाषेत दोन्ही अक्षांच्या संख्या सतत पडद्यावर छापणारा, तीन-चार ओळींचा कार्यक्रम पुरेसा होतो. दांडा मध्यभागी असताना संख्या पल्ल्याच्या साधारण निम्म्यावर आणि टोकांना पल्ल्याच्या दोन्ही सीमांजवळ यायला हवी. दांडा सोडून पुन्हा पाहिल्यास मध्याची संख्या दर वेळी थोडी बदलते. म्हणून कार्यक्रम लिहिताना मध्याभोवती काही अंतर ‘निष्क्रिय’ मानण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात किंवा संगणक बराच वेळ चालू राहिल्यावर मध्यबिंदू सरकत असल्यास पुन्हा कॅलिब्रेशन करावे.

इम्युलेटरवरील वापर

मूळ संगणक उपलब्ध नसल्यास इम्युलेटरवर जुने कार्यक्रम चालवता येतात. पीसीसाठी डॉसबॉक्स, कमोडोरसाठी व्हाइस, बीबीसी मायक्रोसाठी बीबएम आणि ॲपल २ साठी ॲपलविन हे परिचित इम्युलेटर आहेत. आधुनिक यूएसबी नियंत्रकाचे ॲनालॉग दांडे ते जुन्या जॉयस्टिकच्या जागी वापरू देतात. डॉसबॉक्समध्ये जॉयस्टिकचा प्रकार आणि कालमापनाची पद्धत रचना-फाइलमध्ये निवडता येते. मध्यबिंदू सरकत असल्यास ही निवड बदलून पाहणे उपयुक्त ठरते. उलट दिशेने, गेम पोर्टची मूळ जॉयस्टिक आजच्या संगणकाला लावण्यासाठी यूएसबी रूपांतरक मिळतात. आर्डुइनोसारख्या सूक्ष्मनियंत्रक फलकाच्या ॲनालॉग आदानांवर पोटेन्शिओमीटर वाचूनही असा रूपांतरक घरी तयार करता येतो.

आजच्या यूएसबी नियंत्रकांत कॅलिब्रेशन आणि मापन ही कामे उपकरणाच्या आतच उरकली जातात. जुन्या गृहसंगणकांत मात्र ती सर्व प्रक्रिया वापरकर्त्याच्या नजरेसमोर घडते. बदलता रोध, भारित होणारा कपॅसिटर आणि पडद्यावर उमटणारी संख्या यांतील संबंध दोन-चार ओळींच्या कार्यक्रमाने दाखवता येत असल्यामुळे भौतिक राशीचे अंकीय रूपांतर शिकवण्यासाठी ही साधने आजही उपयोगी आहेत.

हे सुद्धा पहा

* बीबीसी मायक्रो
* झेडएक्स स्पेक्ट्रम
* पोटेन्शिओमीटर
* बेसिक (संगणक भाषा)
* ई-कचरा